कठड्याला गादी

उभं राहण्याच्या बाबतीत सगळी माणसं जन्मतःच समान असतात, आणि ही समानता विकायला काढणाऱ्यांना इतिहास कधीही क्षमा करणार नाही.

हे विधान माझ्या ताईचं. ते तिने केलं तेव्हा ती एका उलट्या खुर्चीपुढे फतकल मारून बसली होती आणि तिच्या तोंडात खिळे होते. त्यामुळे मला प्रत्यक्षात ऐकू आलं ते नुसतं घुमणं. "खिळे काढून बोल," मी म्हटलं. तिने खिळे तळहातावर घेतले, विधान पहिल्यापासून नीट केलं, खिळे परत तोंडात ठेवले आणि हातोडी उचलली. इतिहासाला तिथेच थांबावं लागलं, कारण खुर्ची संध्याकाळी द्यायची होती.

ताईचं खुर्च्या-सोफ्यांना गाद्या बसवायचं दुकान आहे. आत शिरलं की डाव्या हाताला फोमचे तक्ते, उजव्या हाताला रेक्झिनच्या गुंडाळ्या, आणि मधे जी काही जागा उरते तिच्यात ताई. तिचा एक नेम आहे. कोणीतरी नीट बसून बघितल्याशिवाय एकही खुर्ची दुकानाबाहेर जात नाही. मी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून तो 'कोणीतरी' मी आहे. मी पेपर घेऊन बसतो. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बूड दुखलं नाही तर खुर्ची पास. अग्रलेखाला दुखलं तर ते खुर्चीच्या खात्यात धरत नाहीत.

म्हणजे आमच्या घराण्यात बसायचं खातं माझ्याकडे, आणि उभं राहायचं ताईकडे. तरुणपणापासून ती घोगऱ्याच्या मैफलींना जाते. मैफल म्हणजे आपली बैठक-तक्क्याची नव्हे, रॉकची. मैदानात हजारो माणसं उभी, गिटारी, ढोलताशाला लाजवणारे ड्रम, आणि मधोमध घोगऱ्या. खरं नाव पोस्टरवर असतं, पण त्याची माणसं त्याला घोगऱ्याच म्हणतात. त्याचा आवाज ऐन तारुण्यातही बसलेला होता, त्यामुळे म्हातारपणाला तिथे करण्यासारखं काही उरलं नाही. गेलं ते पाठांतर.

पाठांतराचं गुपित ताईने मला अनेकदा सांगितलं होतं आणि मी अनेकदा हसलो होतो. तिचं म्हणणं असं, की 'पूल' नावाच्या गाण्याचं तिसरं कडवं घोगऱ्याला येतच नाही. पायाशी शब्दांचा पडदा लावलेला असतो, पण जवळचं वाचायला त्याला चष्मा लागतो, आणि चामड्याच्या जाकिटावर वाचायचा चष्मा चढवला की रॉकवाला हिशेबनीस दिसायला लागतो. लांबचं मात्र त्याला स्वच्छ दिसतं. म्हणून तिसरं कडवं आलं की तो पहिल्या कठड्याच्या मधोमध बघतो. तिथे ताई असते. ती तोंड भरून एकेक शब्द म्हणते आणि तो ओठ वाचून मागोमाग गातो.

"म्हणजे तो तुझ्याकडे बघतो," मी म्हणायचो.

"माझ्याकडे कशाला बघेल? तोंडाकडे बघतो."

ताईची उंची बेताची. आमच्या आईच्या मते ती वाढायची राहिली, ताईच्या मते ती वेळेवर थांबली. पण त्यामुळे कठडा सुटला की तिला पुढच्या माणसाचा शर्ट सोडून काही दिसत नाही. म्हणून ती पहाटे जाऊन रांग लावते. जो आधी आला तो पुढे. दुसरा कायदा तिला माहीत नाही.

आणि आता घोगऱ्याने जाहीर केलं होतं, की हा आपला शेवटचा दौरा.

त्याच आठवड्यात दुकानात कार्यक्रमवाला आला. गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र, दोन्ही हातांत फोन. त्याला स्टेजपुढच्या लोखंडी कठड्याला गादी बसवून हवी होती.

"कठड्याला?" ताईने विचारलं.

"प्रीमियम विभाग केलाय ना, काकू, या वेळी. स्टेजसमोरचा सगळा भाग. तिकीट चौपट. आता चौपट दिल्यावर माणूस कोपर लोखंडावर टेकणार का?"

"आणि मग बाकीचे?"

"बाकीच्यांना मागे दुसरा कठडा. साधा."

"प्रीमियमवाल्यांना खुर्च्या आहेत?" मी खुर्चीतून विचारलं.

"नाही, तेही उभेच. पण प्रीमियम उभे."

मी पेपर खाली ठेवला. उभं राहण्याचेही दर्जे असतात हे मला या वयात कळत होतं. माझं सगळं आयुष्य साध्या उभ्यात गेलं होतं.

"आणि तिथे रांगेत आधी येऊन पुढे जाता येणार नाही?" ताई.

"रांग कशाला लावायची, काकू? पैसे भरा, आरामात या. जग पुढे गेलंय."

"जग पुढे गेलंय खरं," ताई म्हणाली, "चौपट भरून."

मला वाटलं, ती आता काम नाकारणार. पण तिने टेप काढली, कठड्याची जाडी विचारली, वर नळी आहे की पट्टी ते विचारलं, पाऊस आला तर पाणी मुरू नये म्हणून कुठलं रेक्झिन घ्यावं ते सांगितलं. कार्यक्रमवाला इतका खूश झाला की जाताना म्हणाला, "तुम्ही त्यांच्या फॅन आहात ना? एक प्रीमियम पास देतो. फुकट."

"नको. मी रांगेतून येईन."

"रांगेतून आलात तर दुसऱ्या कठड्याला याल, काकू."

"ते मी बघते."

तो गेल्यावर मी म्हटलं, "अगं, पास घ्यायचा! शेवटचा कार्यक्रम आहे. तूच म्हणतेस ना, तू समोर नसलीस तर त्याला कडवं आठवायचं नाही?"

"आणि माझ्या मागे रांगेत येणाऱ्यांना काय सांगू? की मला गादीवाली म्हणून आत घेतलं? छोट्या, कठड्याला मी उभी राहीन. पण ज्या रस्त्याने आयुष्यभर गेले त्याच रस्त्याने."

मला ती अजून छोट्या म्हणते. मी आजोबा आहे.

तिने ती गादी अशी केली की सांगता सोय नाही. खाली कडक फोम, वर मऊ, टाके आतून, जोड कोपर टेकतं तिथे येणार नाही अशा बेताने. फक्त नेमाची पंचाईत झाली. कठडा बसून बघता येत नाही. टेकून बघावा लागतो, आणि तोही पूर्ण मैफलभर, गाणी म्हणत. "ते प्रत्यक्ष जागेवरच करावं लागेल," ताई म्हणाली, आणि गादी तशीच, पास न होता, दुकानाबाहेर गेली. असं पहिल्यांदाच घडलं.

कार्यक्रमाच्या दिवशी पहाटे तिने मला उठवलं. मी का, असं विचारायची सोय नव्हती. तिची लेक परगावी होती आणि मी रिकामा होतो, हे दोन्ही तिला ठाऊक होतं. मैदानाच्या फाटकाशी आम्ही पहिले. हळूहळू तिची माणसं जमली. टॅक्सीवाला आला, त्याने टॅक्सी कोपऱ्यावर लावून टाकली होती. मग गणिताच्या बाई, रजेच्या अर्जात आजारपण लिहून. ताईने पिशवीतून कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि येईल त्याच्या बाहीवर रांगेतला आकडा लिहायला लागली. तिचे कायदे कडक. चहाला, मोरीला जा, बाही दाखवून परत जागेवर या. पण दुसऱ्यासाठी जागा धरायची नाही. एक जण "माझे चार मित्र येतायत" म्हणाला, त्याला तिने मित्रांच्या मागे उभं केलं. मित्र अजून आलेले नव्हते, त्यामुळे तो बराच वेळ फाटकापासून लांब एकटा उभा होता.

दुपार डोक्यावर आली तेव्हा फाटकावरचा रक्षक ताईला म्हणाला, "आजी, ज्येष्ठांसाठी बाजूला खुर्च्या आहेत. आत्ताच सोडतो तुम्हाला."

"आजी असेल तुझी. खुर्च्या मी लोकांसाठी करते."

"ज्येष्ठ भाऊ पण चालतो का?" मी हळूच विचारलं. ताईने माझ्याकडे बघितलं. मी उभा राहिलो.

फाटक उघडलं. ताई पळाली. म्हणजे तिच्या गुडघ्यांच्या मानाने पळाली. बाहीवर नंतरचे आकडे असलेली तरणी पोरं तिच्या मागे चालत होती, पण एकानेही तिला ओलांडलं नाही. आम्ही दुसऱ्या कठड्याच्या मधोमध पोचलो. साधं लोखंड. उन्हाने तापलेलं.

आणि पुढे मोकळं मैदान. तिथून स्टेजपर्यंत हिरवं गवत, कडेला पेयांचं दुकान, आणि पार टोकाला, स्टेजपाशी, ताईची गादी. लाल. तिला टेकून कोणीही नव्हतं. प्रीमियमवाल्यांना जागेची खात्री होती, त्यामुळे ते यायचे होते.

"बघ," ताई म्हणाली. "विकली, आणि रिकामी ठेवली."

यायला लागले ते आधी दुकानाशी गेले आणि मग पेले हातात घेऊन गप्पा मारत आमच्याच समोर, स्टेजकडे पाठ करून उभे राहिले. ताईपुढे शर्ट आलाच. फरक एवढाच, की शर्ट चौपट होता.

त्यातल्या एक बाई मात्र सरळ आमच्या कठड्याशी आल्या आणि आमच्याकडे पाठ करून, त्याला टेकून उभ्या राहिल्या. पायात सपाट पांढरे बूट, डोळ्यांखाली काळं.

"तुम्ही पुढे जा की," ताई म्हणाली. "पुढे जायचेच पैसे घेतलेत ना तुमच्याकडून?"

त्या वळल्या. "मावशी, टोमणा मारताय का?"

"मारतेय."

"मारा. मी नर्स आहे. पाळी संपवून थेट आलेय. रांग लावायला अख्खा दिवस लागतो, मावशी. तो मला कोण देणार? पेशंटला सांगू, की जरा थांबा, मी गाण्याला जाऊन येते? जादा पाळ्या केल्या आणि हे तिकीट काढलं. तुमच्याकडे दिवस होता, तुम्ही दिवस दिलात."

ताई कठड्यावरची धूळ बोटाने पुसायला लागली. मी तिला ओळखतो. तोंडात खिळे नसताना ती गप्प बसली, म्हणजे मुद्दा आत शिरला होता.

"तरी पुढे का नाही जात?" तिने विचारलं, पण आवाज बदलला होता.

"पुढे मला एकटीला गाणी म्हणायची लाज वाटते. सगळे फोन धरून उभे असतात. म्हणणारी माणसं इथे मागे आहेत."

ताईने कठड्यातून हात घातला आणि नर्सच्या बाहीवर खडूने काहीतरी लिहिलं. मी वाकून बघितलं. आकडा नव्हता, नुसती चूक-बरोबरमधली 'बरोबर'ची खूण होती.

दिवे लागले. घोगऱ्या आला. त्याने पहिलं गाणं म्हटलं, दुसरं म्हटलं. मागून आम्ही ओरडत होतो, पण आमचा आवाज मधल्या गवतावरून चालत जाईपर्यंत दमत असावा. पुढे लाल गादीपाशी आता बरीच माणसं होती आणि प्रत्येकाच्या तोंडासमोर फोन होता. घोगऱ्याला दिसत होती ती फक्त फोनची पाठ.

मग 'पूल' सुरू झालं. ताईने माझा दंड धरला. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. गिटार वाजली, आणि तिसऱ्या कडव्याला घोगऱ्याने तोंड उघडलं.

काही आलं नाही.

त्याने पायाशी बघितलं, डोळे बारीक केले. त्याने पहिल्या कठड्याच्या मधोमध बघितलं. तिथे एक गृहस्थ स्वतःचाच फोटो काढत होते. गिटारवाल्याने तेच सूर पुन्हा वाजवले, मग परत वाजवले. प्रीमियममध्ये कोणीतरी हसलं. मोठ्या पडद्यावर घोगऱ्याचा चेहरा मैदानभर मोठा दिसत होता, आणि मला त्या क्षणी पटलं, की ताई इतकी वर्षं खरं बोलत होती.

"उचला मला," ताई म्हणाली.

"काय?"

"छोट्या, उचल!"

टॅक्सीवाल्याने आणि मी मनगटं एकमेकांत अडकवली. ताई वर बसली. निवृत्त झाल्यापासून खुर्च्या बसून बघितल्या, त्या दिवशी मी खुर्ची झालो, आणि खुर्च्यांबद्दल माझ्या मनात जो आदर निर्माण झाला तो अजून ओसरलेला नाही. तिने माझं डोकं खुर्चीच्या हातासारखं धरलं आणि छाती फुटेल अशी म्हणायला लागली,

"दिवे विझले, तरी पूल आपल्या जागी असतो..."

नर्सने वळून तोच शब्द उचलला. गणिताच्या बाईंनी उचलला. बाहीवर खडू असलेली सगळी रांग म्हणायला लागली आणि मग त्यांच्या मागचं मैदान. घोगऱ्याने मान वर केली. लांबचं त्याला स्वच्छ दिसतं. त्याने कपाळावर हात आडवा धरला, पुढची माणसं ओलांडून नजर मागे आणली, आणि ती ताईच्या तोंडावर येऊन थांबली. मग तो गायला लागला. शब्दामागे शब्द, अर्धं पाऊल मागे, नेहमीसारखा.

कडवं संपलं तसा त्याने हात वर करून वाद्यं थांबवली.

"त्या बाई," तो म्हणाला, "इतकी वर्षं इथे असायच्या. आज तिकडे कशा?"

कार्यक्रमवाला स्टेजच्या कडेला आला आणि त्याच्या कानाशी काहीतरी बोलला. घोगऱ्याने ऐकून घेतलं आणि माइकातच उत्तर दिलं, "मग तो मधला दरवाजा उघडा, आणि त्यांना इकडे आणा."

रक्षकाने दरवाजा उघडला. "चला, आजी."

"एकटी नाही," माझ्या डोक्यावरून ताई म्हणाली. "रांग येईल."

"अख्खी?"

"मावेल तेवढी. जागा आहे पुढे, मी दुपारपासून बघतेय. आणि कोणी धावणार नाही."

रक्षकाने स्टेजकडे बघितलं. घोगऱ्याने खांदे उडवले आणि मान हलवली. आम्ही तिला खाली उतरवलं, आणि रांग निघाली. बाह्या पुढे करून, आकड्यामागे आकडा, कोणी कोणाला न ढकलता. जणू बँकेत पासबुक भरायला आलोय. गळ्यात पट्टा अडकवलेले एक गृहस्थ पेला सावरत आडवे आले. "हे काय चाललंय? आम्ही या जागेचे पैसे भरलेत!"

"कुठल्या जागेचे?"

"या!"

"मग उभे राहा ना तिच्यावर," ताई म्हणाली. "दुकानाशी काय करताय? हवी तर बाजूला सरते, या माझ्या शेजारी. पण तिसरं कडवं पाठ आहे ना?"

गृहस्थ पेल्यात बघायला लागले. ताई पुढे गेली. दहा पावलांवर थांबून वळली आणि नर्सला म्हणाली, "तुम्हाला काय वेगळं आमंत्रण द्यायचं? माझ्या उजव्या हाताला या. तुम्ही पैसे भरलेत, लाज वाटायचं काही कारण नाही."

लाल गादीशी फोनवाल्यांनी वाट करून दिली. काहींनी फोन खिशात टाकले. एकाने आपला फोटो अर्धा राहिला अशी तक्रार केली, तेव्हा टॅक्सीवाल्याने तो काढून दिला. ताईने दोन्ही कोपरं गादीवर टेकली. जोड चाचपला. दाबून बघितलं. डोळे मिटून जरा वेळ तशीच उभी राहिली.

"पास?" मी विचारलं.

"कळेल," ती म्हणाली. "अजून अग्रलेखच चाललाय."

मग घोगऱ्या पायऱ्यांवरून खाली आला. दिवे त्याच्यामागून फिरत आले आणि ताईच्या तोंडावर थांबले. मोठ्या पडद्यावर आमची ताई मैदानाएवढी झाली. जवळून तो बराच थकलेला दिसत होता. त्याने तिला नीट बघण्यासाठी मान मागे घेतली, कारण जवळचं त्याला दिसत नाही.

"बाई," तो म्हणाला, "या कडव्याचं तुमचं माझ्यावर आयुष्यभराचं ऋण आहे. आज शेवटचा कार्यक्रम. मागा. म्हणाल ते गाणं म्हणतो. म्हणाल तर ते मागचं सगळं कुंपण आत्ता काढायला लावतो."

आणि त्याने माइक तिच्यापुढे धरला.

मागच्या कठड्याला अजून हजारो माणसं उभी होती. कार्यक्रमवाल्याने दोन्ही फोन छातीशी धरले. पहाटेपासून ज्या क्षणासाठी ही बाई ताठ उभी होती तो आला होता. समानतेबद्दलचं ते वाक्य तिच्या ओठांवर आहे, हे मला दिसत होतं. तिने एकदा मागे बघितलं, एकदा नर्सच्या पांढऱ्या बुटांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग कठडा घट्ट धरून, वजन या पायावरून त्या पायावर टाकत, ती माइकात हळूच म्हणाली,

"कुंपण काढाच. पण तोवर इकडे एखादी खुर्ची मिळेल का? गादी नसली तरी चालेल."